पोर शाळेत केव्हा घालावे?

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिराच उघडतात. आमचे ऊनच तसे आहे. पुण्याकडची पोरे जूनच्या मध्यावर दप्तरे घेऊन निघतात, तेव्हा नागपूर-वर्ध्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रे दिसत नाही. आपल्याकडे घंटा वाजते ती जूनच्या अखेरीस. तोवर एखादा पाऊस पडून गेलेला असतो, वावरात पेरणीची घाई सुरू असते, आणि त्या घाईतच एखादी बाई पोराचे मनगट धरून शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभी राहते. "गुरुजी, घ्या ना जी याले यंदा. घरी लय तरास देते." गुरुजी पोराकडे पाहतात. पोर आईच्या लुगड्यामागे जाते.

आता या प्रसंगी जन्माचा दाखला मागतात, आधार कार्ड मागतात. पण आजच्या साठी-सत्तरीतल्या मंडळींना विचारा, त्यांच्या वेळी काय झाले ते सांगतील. गुरुजी म्हणत, "उजवा हात डोक्यावरून घे अन् डावा कान धर." हात पोचला तर नाव दाखल; नाही पोचला तर "पुढल्या वर्षी आणा." संपली परीक्षा! हसण्यावारी नेऊ नका. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि हात आखूड असतात. सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास हात लांबतात आणि बोटे पलीकडच्या कानाला लागतात. ज्या गावात कोणाचीच जन्मतारीख कोणाला ठाऊक नाही, तिथे मुलाचे अंग हाच त्याचा दाखला. या परीक्षेत खोट एकच होती. ज्या पोराला पोटभर मिळाले नाही, ज्याची वाढ खुंटली, त्याचा हात वय होऊनही पोचत नसे. म्हणजे उपाशी पोर शाळेलाही उशिराच लागायचे.

नाव दाखल करायचे म्हणजे दाखल-खारिज रजिस्टरात जन्मतारीख लिहायला हवी. गावच्या कोतवालाच्या बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी असत आणि आजही आपल्या भागात जुन्या कामासाठी कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते. पण ते बुक पाहायला कोण जातो? गुरुजी अंदाजाने साल धरीत आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख ठोकून देत. कुठे १ जून, आपल्याकडे पुष्कळदा १ जुलै. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून वर्षानुवर्षे ३१ मे आणि ३० जून या दिवशी कचेऱ्या-शाळांतून नारळ आणि शाली वाटण्याची एकच गर्दी उडत असे. आमच्या वडिलांची कागदावरची जन्मतारीख १ जुलै आहे. आमची आजी सांगत असे की ते तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जन्मले, गल्लीतली पोरे लाकडी नंदी घेऊन दारी आली होती. आता तान्हा पोळा जुलैच्या पहिल्या तारखेला कधी तरी आला आहे काय?

पण आजचा प्रश्न तारखेचा नाही. तो त्या व्हरांड्यातल्या बाईचा आहे. यंदा घालावे की एक वर्ष थांबावे? हा प्रश्न आता शहरातले आईबापही फार विचारतात. मुलगा ऑक्टोबरचा आहे, मुलगी डिसेंबरची आहे, बालवर्गात घालू की आणखी एक वर्ष घरी ठेवू, मागे तर पडणार नाही ना, अशी विचारपूस चालते. दिसायला हा प्रश्न नवा आहे. त्याच्या मागे दोनशे वर्षांची हकीकत आहे, ती आज सांगायची आहे.

आपल्या जुन्या रिवाजात वयाचे आकडे ठरलेले होते. अक्षरारंभ पाचव्या वर्षी. मुंज ब्राह्मणाची आठव्या वर्षी, क्षत्रियाची अकराव्या, वैश्याची बाराव्या. म्हणजे अक्षर आणि अध्ययन या दोन गोष्टी जुन्या लोकांनी वेगळ्या धरल्या होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कोणाला आकडे दिले आणि कोणाला दिलेच नाहीत, तेही ध्यानात ठेवावे. मुलींना नव्हते. शूद्र-अतिशूद्रांना नव्हते. त्यांच्या बाबतीत लवकर काय आणि उशिरा काय, प्रश्नच उद्भवत नव्हता.

पंतोजीच्या शाळेत मुलगा कसा बसे, याचे एक बरे वर्णन सरकारी कागदात सापडते. मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी १८२२ साली जिल्ह्याजिल्ह्यांतून शाळांची माहिती मागवली. बळ्ळारीचे कलेक्टर कॅम्पबेल यांनी १८२३ साली जे उत्तर पाठवले, त्यात ते लिहितात की हिंदू मुलांचे शिक्षण साधारण पाचव्या वर्षी सुरू होते. त्या दिवशी पंतोजी आणि शाळेतली पोरे मुलाच्या घरी येतात, गणपतीच्या मूर्तीभोवती बसतात आणि पंतोजी मुलाचे बोट धरून तांदळात अक्षर गिरवून घेतो. आपल्याकडची चालही याहून फार निराळी नव्हती. धूळपाटीवर बोटाने अक्षर काढायचे, म्हणून ती धुळाक्षरे. पहिला पाठ ॐ नमः सिद्धम्, त्याचा पोरांच्या तोंडी झाला ओनामासीधं, आणि म्हणून आजही आपण कामाचा ओनामा करतो. दसऱ्याला पाटीवर एक्यांची सरस्वती काढून तिची पूजा करतात, तीही याच घराण्यातली.

आता या शाळेची एक गोष्ट पहा. तिथे इयत्ता नव्हती. जूनही नव्हता. मुलगा चांगल्या मुहूर्तावर यायचा, मग तो चैत्रात येवो की मार्गशीर्षात. एक पोर धूळपाटीवर ग गिरवते आहे, शेजारचे मोडी वळण घोटते आहे, तिसरे पावकी, निमकी, सवायकी म्हणते आहे, आणि पंतोजी सर्वांवर छडी ठेवून आहे. (छडीची हौस मला नाही. पंतोजींच्या शिक्षा वाचल्या तर अंगावर काटा येतो.) पण अशा शाळेत कोणी 'वर्षाने मागे' पडत नसे, कारण वर्षाचे मापच नव्हते. सगळ्या गावाची सहा वर्षांची पोरे एका दिवशी एका बाकावर बसवायची, वर्षअखेर त्या सर्वांनी एकच पुस्तक संपवायचे, ही व्यवस्था इंग्रजी अमदानीतल्या सरकारी शाळेबरोबर आली. ती आल्यावर मग लवकर आणि उशीर हे शब्द जन्माला आले. तेव्हा एखाद्या आईला आपले पोर मागे पडेल अशी धास्ती वाटली, तर ती धास्ती पोराच्या अंगची नसते, वेळापत्रकाची असते.

त्याच कॅम्पबेलने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. गावेच्या गावे शाळांवाचून झाली होती, कारण मधल्या आणि खालच्या थरातल्या लोकांना पंतोजीचे वेतन झेपत नव्हते, आणि पोराच्या कोवळ्या हातापायांना काही काम होऊ लागले की घरच्यांना त्याची मजुरी लागे. म्हणजे शाळेत येण्याचे वय आणि कामाला लागण्याचे वय एकमेकांना खेटून होते. ही दुसरी बाजू सुटली की या विषयावरची सगळी चर्चा वरवरची होते.

महात्मा फुले यांनी नेमके तिथेच बोट ठेवले. १८४८ साली पुण्याला भिडेवाड्यात त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, हे सर्वांना ठाऊक आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यात मागणी केली की प्राथमिक शिक्षण एका ठराविक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचे करावे. शाळा कोणत्या वयाला सुरू व्हावी यावर त्यांचा भर नाही. मूल शाळेतून कोणत्या वयाला काढून घेता येणार नाही, यावर भर आहे. शेतकऱ्याच्या घरी मुलगा ढोरांमागे लागला की शाळा सुटली, हे ते पाहत होते.

सक्ती प्रत्यक्ष करून दाखवली ती सयाजीराव गायकवाडांनी. बडोदे संस्थानच्या अमरेली तालुक्यात १८९३ साली त्यांनी प्रयोग केला आणि तो जमल्यावर १९०६ साली सगळ्या संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले. अमरेलीला मुलांसाठी वय धरले होते सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा. मुलींची दोन वर्षे कमी का, हे मी सांगायला नको. लग्ने तेव्हा होत. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात जे विधेयक मांडले, त्यात मुलांचे वय सहा ते दहा असे होते. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या बापाकडून फी घेऊ नये, असेही त्यात होते. पुढल्या वर्षी मार्चात ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ साली मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला एक रुपया दंड ठेवला. मुंबई इलाख्यात १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांचा कायदा झाला आणि आपल्या मध्यप्रांतात १९२० साली. कायदे झाले, पण ते लागू करायचे की नाही हे नगरपालिकांच्या आणि लोकल बोर्डांच्या खुशीवर आणि खिशावर राहिले.

कोणी सहा म्हणतो, कोणी सात. इंग्लंडात तर १८७० च्या कायद्याने शाळा-मंडळांना पाचव्या वर्षापासून सक्ती करण्याची मुभा दिली आणि १८८० साली ती सर्वत्र झाली. पाचच का? बालमनाचा अभ्यास करून कोणी तो आकडा काढला नव्हता. पोर लवकर शाळेत घातले की लवकर सुटून कारखान्यात जाईल, असा हिशेबही त्या वादात होता. उलट फिनलंडने १९२१ साली सक्ती केली ती सातव्या वर्षापासून. दोन्हीकडची पोरे शिकलीच. आकडा ठरवताना प्रत्येक देशाने पोराकडे कमी आणि खर्चाकडे, कामाकडे, रस्त्यांकडे जास्त पाहिले आहे.

आता आपल्या घराजवळची हकीकत. नागपूरहून वर्धा म्हणजे गाडीने सव्वा-दीड तासाची वाट. तिथे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यातून जी योजना तयार केली, तिला आपण वर्धा योजना, बुनियादी शिक्षण किंवा नयी तालीम म्हणतो. सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाच्या भोवती. वय सात ते चौदा. टकलीवर सूत काढायचे, बागेत खणायचे, तर हातात तेवढे बळ आणि बोटांत तेवढा ताबा हवा. तो सातव्या वर्षाच्या आधी येत नाही, हे कोणाही सुताराला ठाऊक आहे. तेव्हा योजनेच्या आत सात हा आकडा नीट बसत होता.

पण योजनेच्या बाहेर पोर तीन वर्षांचे होते, चारचे होते, पाचचे होते. ते सातव्या वर्षापर्यंत कुठे राहायचे? शहाण्या घरी आजीच्या गोष्टी, भोंडला, सागरगोटे हीच शाळा. पण मजूर बाईच्या घरी? तिचे पोर बांधावर झाडाला बांधलेल्या झोळीत, आणि झोळीला झोका द्यायला त्याची सहा-सात वर्षांची बहीण. पुढे बाळासाहेब खेर यांच्या समितीने सक्तीचे वय सहा ते चौदा असावे आणि पाच वर्षांचे मूल आले तर त्यालाही बुनियादी शाळेत घ्यायला हरकत नसावी, असे सुचवले. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् यांच्या हिंदुस्तानी तालीमी संघाने १९४५ साली नयी तालीमची व्याप्ती वाढवली, तेव्हा सात वर्षांखालच्या मुलांसाठी पूर्व-बुनियादी हा टप्पा जोडला. त्यात पुस्तक नव्हते. हातपाय धुणे, अंगण झाडणे, रोपांना पाणी घालणे, गाणे, गोष्ट, माती. आजच्या बालवर्गाच्या जाहिराती वाचून मग हे वाचावे!

याच सालात, म्हणजे १९४५ मध्ये, तिकडे समुद्रकाठी बोर्डीला दुसरे काम उभे राहत होते. ताराबाई मोडक हे नाव आपल्याला परके वाटू नये. लग्नानंतर त्या काही वर्षे अमरावतीला होत्या, त्यांचे यजमान तिथे वकील होते. पुढे त्या काठेवाडात गेल्या आणि १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. रोमच्या मजूर वस्तीत मारिया माँटेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी उघडलेल्या बालगृहाची पद्धत गिजुभाई आपल्याकडच्या मुलांना लागू करून पाहत होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला, तो चांगला चालला. पण त्यांना एक बोच लागून राहिली. ज्या माँटेसोरीबाईंनी गरिबांच्या पोरांपासून आरंभ केला, त्यांची पद्धत आपल्याकडे साहेबांच्या आणि वकिलांच्या पोरांपुरती उरली होती. लाकडी साधने महाग, शिक्षिका महाग, फी महाग. तेव्हा ताराबाई बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर गेल्या.

या अनुताईंबद्दल जाता जाता सांगतो. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. रात्रीच्या शाळेत शिकून १९३७ साली मॅट्रिक, तेव्हा वय सत्तावीस. बी. ए. झाल्या १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी. एका वर्षाच्या उशिराने ज्यांची झोप उडते त्यांनी हे आकडे एकदा पाहावेत.

बोर्डीला त्यांनी बालवाडी उघडली आणि वाट पाहत बसल्या. हरिजन वस्तीतली, गरिबांची पोरे येईनात. आली तर अंघोळ नाही, पोटात अन्न नाही. तेव्हा ताराबाईंनी उलटा विचार केला. पोर शाळेत येत नसेल तर शाळा पोराच्या अंगणात न्यावी. वस्तीतले एखादे अंगण सारवायचे, पोरांना धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, मग खेळ. साधने म्हणजे शिंपले, बिया, पाने, खडे. ती अंगणवाडी. हा शब्द आज हिंदुस्थानभर, ज्यांना मराठीचा गंधही नाही अशा खेड्यांतून चालतो, तो याच कामातून आला.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांत गेले आणि तिथे आणखी एक गाठ उकलली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. शाळेच्या वयाची मुलगी शाळेत का येत नाही? बाप अडाणी म्हणून? आईला कळत नाही म्हणून? त्या घरी जाऊन पाहिले तर मुलीच्या कडेवर धाकटे भावंड होते. ते सोडून ती कशी येणार? मग ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. मोठी बहीण धाकट्याला घेऊन आली, तान्हे पाळण्यात गेले, तीन-चार वर्षांचे बालवाडीत गेले आणि ती स्वतः मोकळ्या हाताने पाटीपुढे बसली. याला विकासवाडी म्हणत. आणि जी पोरे गुरांमागे जात त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. गुरे चरताहेत आणि पोरे झाडाखाली शिकताहेत.

बाईंनी काय केले पहा. पोराला शाळेत केव्हा घालावे या प्रश्नाचे उत्तर आकड्यात दिलेच नाही. घरात आणखी कोण आहे, हे विचारले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, १९७३ साली त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली, त्यात आपले मेळघाटातले धारणी होते. शब्द अंगणवाडीच ठेवला. कोरकू पाड्यांत ती योजना किती फळली आणि किती नाही, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. कुपोषणाच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत.

कायद्याची पुढची गोष्ट थोडक्यात आटोपतो. घटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ठरवले होते. ती दहा वर्षे १९६० साली सरली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात पहिलीत प्रवेश साधारणपणे सहा वर्षे पुरी झाल्यावरच द्यावा असे म्हटले. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली, २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा हे वय मुलाचा हक्क झाले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने वय मोजण्याची तारीख ३१ डिसेंबर केली. म्हणजे डिसेंबरात सहा पुरी होणारे पोर जूनमध्ये साडेपाचचे असतानाही पहिलीत बसू शकते. केंद्रीय विद्यालयांनी मात्र २०२२ पासून ३१ मार्चला सहा वर्षे पुरी हवीत असा नियम केला. नागपुरात एकाच रस्त्यावर दोन शाळा असल्या तर तेच पोर एकीत 'वयाचे' आणि दुसरीत 'लहान' ठरते. आईबाप गोंधळले तर नवल नाही.

मग साडेपाचच्या पोराला घालावे की थांबावे? माझे मत विचारले तर सांगतो, पण ते एका घराला एक आणि दुसऱ्या घराला दुसरे आहे.

साडेपाच आणि साडेसहा यांत एक वर्षाचे अंतर आहे, आणि साडेपाचाच्या पोराला एक वर्ष म्हणजे त्याच्या सगळ्या आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. पेन्सिल धरण्यात, एका जागी बसण्यात, घोळक्यात बोलण्यात फरक दिसणारच. वर्गातली लहान पोरे पहिली दोन-तीन वर्षे थोडी मागे दिसतात, हे प्रत्येक जुन्या शिक्षकाला माहीत आहे आणि ठिकठिकाणच्या संशोधकांनाही तसेच आढळले आहे. इयत्ता वाढत जाते तसा तो फरक बराच पुसट होतो. गुरुजी, माझी तुम्हाला विनंती एवढीच की पहिलीच्या पटावर मुलाच्या नावापुढे महिना पाहत जा. जे पोर 'मठ्ठ' वाटते ते पुष्कळदा डिसेंबरचे असते.

ज्या घरी आजी आहे, अंगण आहे, गोष्ट सांगायला माणूस आहे, त्या घरी एक वर्ष थांबल्याने काही बिघडत नाही. जी आई तीन वर्षांच्या मुलीला मुलाखतीसाठी रंग आणि फळे घोकायला लावते, तिने तर जरूर थांबावे. यशपाल समितीने १९९३ सालीच बालवर्गाच्या प्रवेशासाठी परीक्षा आणि मुलाखती घेऊ नयेत असे सांगितले होते. बालवर्गात पोराकडून ओळीच्या ओळी लिहून घेणारी शाळा असेल, तर तिथे घालण्याची घाई कशासाठी? धूळपाटीवाला पंतोजीसुद्धा बोटाने सुरुवात करी. हातात बोरू नंतर देई.

पण जी बाई निंदणाला जाते, कापसाच्या वेचणीला जाते, तिच्या घरी 'थांबणे' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे पोर थांबत नाही, कामाला लागते. पहिल्या वर्षी धाकट्याला सांभाळते, दुसऱ्या वर्षी शेळीमागे जाते, तिसऱ्या वर्षी शाळेत यायला लाजते, कारण बाकावरची पोरे तिच्या खांद्याएवढी असतात. शहरातल्या घरी वर्ष थांबलेले पोर पुढल्या जूनमध्ये नक्की शाळेत येते. खेड्यातल्या मजुराच्या घरी थांबलेली मुलगी येईलच असे नाही. म्हणून व्हरांड्यातली ती बाई "घ्या ना जी याले" म्हणते, तेव्हा गुरुजींनी तिला दारातून परत पाठवू नये. वय बसत नसेल तर तिच्याबरोबर चार पावले चालून अंगणवाडीच्या ताईंपर्यंत जावे आणि पोराचे नाव तिथे घालून द्यावे. आणि कडेवर पोर घेऊन शाळेच्या कुंपणाशी उभी राहणारी मुलगी दिसली, तर तिचे नाव आधी विचारावे, कडेवरच्या पोराचे मागून.

मघाशी वडिलांच्या १ जुलैची गोष्ट सांगितली. त्यांचा हात कानाला पोचला आणि गुरुजींनी नाव लिहिले, तेव्हा त्यांना शाळेपर्यंत घेऊन गेली होती त्यांची मोठी बहीण, आमची आत्या. आईबाप वावरात गेलेले. वडिलांना पाच वर्षे तिनेच कडेवर वागवले होते. त्या दिवशी ती व्हरांड्यात थांबली, भावाचे नाव लिहून झाले आणि ती घरी परतली, कारण घरी आणखी एक धाकटे होते. गुरुजींनी तिला कान धरायला सांगितले नाही. कोणत्याच रजिस्टरात तिचे नाव चढले नाही, त्यामुळे तिला १ जुलैही मिळाली नाही. आधार कार्ड काढायला गेलो तेव्हा मुलाने विचारले, आजी, जन्मतारीख? ती म्हणाली, लिही बाबू तुले जे वाटते ते. त्याने अंदाजाने साल टाकले आणि कार्डावर छापून आले १ जानेवारी.